शांत देशांतील जनतेची जबाबदारी

दूरच्या देशात संकट ओढवले असता शांत देशातील जनतेने काय करावे? बहुधा ठराव होतात आणि माणसे घरी जातात. डब्लिनमधील दुकान-कामगारांनी मात्र ठराव अमलात आणला. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचा माल हाताळावयाचा नाही, असे त्यांच्या संघटनेने ठरवले होते. जुलै १९८४ मध्ये मेरी मॅनिंग या २१ वर्षांच्या तरुणीने तेथील ग्रेपफ्रूटची विक्री नोंदवण्यास नकार दिला. तिला निलंबित करताच सहकारी संपावर गेले. मूठभरांचा हा संप १९८७ पर्यंत चालला. अखेर आयर्लंडच्या सरकारला दक्षिण आफ्रिकेतील फळे व भाजीपाला यांच्या आयातीवर बंदी घालावी लागली.

भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार १९४६ मध्येच तोडला होता. तो निर्णय सरकारचा होता. आयर्लंडमध्ये कामगारांनी सरकारला तेथवर ओढत नेले.

या संपाने वर्णद्वेष संपला, असे कोणी म्हणणार नाही. १९९४ च्या सार्वत्रिक मताधिकारापर्यंतचा लढा मुख्यतः तेथील कृष्णवर्णीय जनतेने लढला. परंतु अन्यायी राजवट व्यापारावरही जगते, आणि त्या व्यापाराचे दुसरे टोक शांत देशातील कामगाराच्या व गिऱ्हाइकाच्या हाती असते. ते टोक सोडून देण्याची किंमत मोजावयास समाजवाद्यांनी तयार असले पाहिजे.