माळ्यावरची ठकी

आज बोलायचंय बाहुलीबद्दल. हसू नका! लाकडाची जुनी बाहुली, म्हणजे आपली ठकी.

आज्यांना ती चांगली आठवत असेल. लाकडात कोरलेली, हात अंगालाच चिकटलेले, लुगडं रंगानं काढलेलं, कपाळावर कुंकू. भातुकलीत तिचं लग्न लागायचं. सावंतवाडीच्या चितारअळीत लाकडी खेळणी आजही बनतात.

आपल्याकडे सध्या जुनी घरं पाडून नवी बांधणं चाललंय. माळा रिकामा करताना तांब्या-पितळेचा भाव सगळे विचारतात. ठकी मात्र चुलीत जाते, नाहीतर दारावर आलेल्या माणसाला चार वस्तूंबरोबर फुकट दिली जाते.

आता जपानचं ऐका. तिथं उत्तरेकडच्या तोहोकू भागात गरम पाण्याचे झरे आहेत. आपल्याकडे वज्रेश्वरीला कुंडांवर लोक जातात, तसे तिथं जातात. दोनशेएक वर्षांपूर्वी तिथले लाकूड कातणारे कारागीर वाडगे, तबकं करता करता बाहुल्याही करून विकू लागले. तिचं नाव कोकेशी. गोल डोकं, सरळ अंग; हात नाहीत, पाय नाहीत. नारुको गावच्या कोकेशीचं डोकं फिरवलं की चूं-चूं आवाज येतो. पुढं कारागीर बाहुलीच्या तळाशी आपलं नाव लिहू लागले. म्हणून आज जुनी कोकेशी जमवणारे आधी तिला उलटी करून तळ बघतात. कोणी केली, कुठल्या गावची, हे कळलं की तिची किंमत वाढते.

आपल्या ठकीच्या तळाशी सहसा नाव नसतं. मग ते कुणी लिहायचं? आपणच.

पुण्यात दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, भांडी, बाहुल्या अशा घरातल्या वस्तू जमवल्या. त्यांच्या पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं त्यांनी ते संग्रहालय उभं केलं. गटाची सहल पुण्याला गेली तर जरूर बघा. आपल्या माळ्यावरच्या वस्तू तिथं काचेच्या कपाटात दिसतील.

मैत्रिणींनो, सातबाऱ्यावर आपल्यापैकी कितीजणींचं नाव आहे? ठकी मात्र आईकडून लेकीकडे येते. ती बाईची वस्तू. मुळशी धरणात गावं गेली. १९२१ चा सत्याग्रह इतिहासात आला. पण घर सोडताना बायकांनी गाठोड्यात काय बांधून घेतलं, हे विचारायला आता ती माणसं नाहीत. ज्या आज्या आज आहेत, त्यांना तरी विचारून घेऊ.

घरात ठकी असेल तर एवढं करा. धुऊ नका, तेल लावू नका, नवा रंग तर मुळीच देऊ नका. उडालेला असला तरी जुना रंगच मोलाचा. मऊ कोरड्या फडक्यानं हलकेच पुसा. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, म्हणून सुती कापडात गुंडाळा आणि कोरड्या जागी ठेवा. बारीक भोकांतून भुसा पडत असेल तर कीड लागलीय; ती बाहुली बाकीच्या लाकडी सामानापासून वेगळी ठेवा.

विकायची असेल तर विका, तो तुमचा हक्क. पण दारात एकटीनं सौदा करू नका. दोन-तीन ठिकाणी विचारा, गटात बोला.

आणि पुढच्या बैठकीला एक वेगळी वही आणा. ठकी कोणाची, कुठल्या माहेरची, कुठल्या जत्रेत किंवा बाजारात घेतली, कोण खेळलं, हे सगळं लिहा. मोबाईलवर फोटो काढा. आज्या सांगतील, शाळेत जाणाऱ्या मुली लिहून घेतील. रुपया-रुपयाचा हिशोब आपण चोख ठेवतो. हाही आपलाच हिशोब आहे.

बाहुली नसेल तर पाटा, परडी, पाळण्यावरची चिमणी, काहीही चालेल. नाव बाईचं असू द्या.