आदेश मंत्रालयाचा, भुर्दंड गावाचा

(सरपंच व ग्रामपंचायत सदस्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



‘ग्रामपंचायतीची कर्तव्ये आणि निधी’ हे आजच्या विषयाचे नाव ऐकायला रूक्ष वाटते. परंतु गावातल्या खांबावरचा दिवा एखाद्या रात्री विझतो, तेव्हा हाच विषय घराघरांत चर्चेला येतो. २०२१ साली महाराष्ट्रातील अनेक गावांनी हा अनुभव घेतला. तोवर पथदिव्यांचे वीजबिल बहुतांशी शासनाच्या अनुदानातून भागवले जात असे. त्या वर्षी ग्रामविकास विभागाने कळवले की, यापुढे पथदिव्यांची आणि पाणीपुरवठा योजनांची बिले ग्रामपंचायतींनी पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरावीत. थकबाकीचे डोंगर आधीच साचलेले होते. महावितरणने वीज तोडायला सुरुवात केली, गावे अंधारात गेली आणि सरपंचांचे मोर्चे निघाले. काही ग्रामपंचायतींनी तर महावितरणलाच उलट विचारले, “आमच्या हद्दीत तुमचे खांब आणि रोहित्रे उभी आहेत, त्यांचा कर कधी भरणार?” यातला मिश्कीलपणा सोडून द्या. प्रश्न मात्र रास्त होता.

या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले पाहिजे. शासनाचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. गावातला दिवा ही गावाची सोय आहे. ग्रामपंचायत घरपट्टीच्या पावतीवर दिवाबत्ती कर लावते. मग तिचे बिल राज्याने का भरावे? मला या युक्तिवादात तथ्य दिसते. परंतु जबाबदारी खाली सोपवायची, तर तिच्यासोबत उत्पन्नाचे साधनही खाली यायला हवे. येथे तसे झाले नाही. राज्याने आपल्या तिजोरीतून होणारा खर्च बंद केला आणि त्याच्या जागी बोट दाखवले ते केंद्राने गावाला दिलेल्या पैशाकडे. माझा आक्षेप नेमका येथे आहे.

वित्त आयोगाचा हा पैसा कशासाठी असतो? संविधानाच्या २८० व्या अनुच्छेदात त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने एक उपखंड जोडला गेला. पंचायतींच्या साधनसंपत्तीला पूरक ठरावे म्हणून राज्याचा एकत्रित निधी कसा वाढवता येईल, हे केंद्रीय वित्त आयोगाने सुचवावे, असे त्यात म्हटले आहे. यातला ‘पूरक’ हा शब्द लक्षात ठेवा. ताटात भाकरी आहे असे गृहीत धरून वाढलेले ते कालवण आहे. कालवण आले म्हणून ताटातली भाकरी उचलून नेणे, हा त्या शब्दाचा अर्थ असू शकत नाही.

आता थोडा हिशेब करू. पंधराव्या आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. आकडा मोठा आहे. पण त्यातला ६० टक्के निधी बंधित, म्हणजे पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी राखून ठेवलेला. उरलेला ४० टक्के अबंधित, आणि तोही पगार किंवा आस्थापनेवर खर्च करता येत नाही. समजा, एखाद्या गावाच्या वाट्याला वर्षाला १६ लाख रुपये आले. त्यातले ९ लाख ६० हजार बंधित. गावाने ग्रामसभेत बसून स्वतःच्या मनाने ठरवायचे, असे उरतात ६ लाख ४० हजार. त्यात अंगणवाडीची दुरुस्ती, गटार, स्मशानभूमीची वाट, शाळेचे कुंपण, सारे काही. ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यात ग्रामसभेने ही कामे लिहिलेली असतात. त्या आराखड्याच्या डोक्यावर वर्षाच्या मध्येच एक परिपत्रक येऊन बसते.

आणि ते एकटे येत नाही. संगणक परिचालकांचे उदाहरण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. ‘आपले सरकार सेवा केंद्र’ प्रत्येक गावाच्या दाराशी यावे, ही कल्पना उत्तमच. दाखल्यासाठी म्हाताऱ्या माणसाला तालुक्याला खेटे घालावे लागू नयेत, हे कोणाला नको असेल? पण त्या केंद्रापोटी ग्रामपंचायतीने दरमहा १२ हजार ३३१ रुपये आपल्या वित्त आयोगाच्या निधीतून द्यायचे, असे ठरले. वर्षाचे झाले १ लाख ४७ हजार ९७२. वरच्या हिशेबातल्या ६ लाख ४० हजारांतून ते वजा करून पाहा, जवळजवळ चौथा हिस्सा गेला. गावाने ठेकेदार निवडला नाही, दर ठरवला नाही, कराराचा मसुदा पाहिला नाही. आणि जो तरुण तेथे बसून काम करीत होता, त्याच्या हाती यातली निम्मी रक्कम पडते, अशी तक्रार घेऊन परिचालक स्वतःच वर्षानुवर्षे आंदोलने करीत राहिले.

आपल्याकडे ‘गावखर्च’ नावाची एक जुनी व्यवस्था होती. मराठेशाहीत गावचा वसूल सरकारात जमा होण्याआधी देऊळ, उत्सव, आल्यागेल्याचा पाहुणचार, गावकुसाची डागडुजी यांसाठी ठरावीक रक्कम गावातच राखली जाई. पाटील-कुलकर्ण्यांनी तिच्यात हात मारल्याची उदाहरणेही पुष्कळ आहेत, त्या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. पण गावाचा खर्च आधी आणि सरकारभरणा नंतर, हा क्रम त्या काळच्या राज्यकर्त्यांना मान्य होता. इंग्रजी अंमलात महसूल थेट सरकारी खजिन्यात जाऊ लागला आणि गाव वरून येणाऱ्या मंजुरीकडे डोळे लावून बसू लागले. १८८२ साली लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला खरा, पण खजिन्याची किल्ली वरच राहिली.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याच्या मतदारांनी १९९५ साली राज्यघटनेत दुरुस्ती केली: राज्याने स्थानिक संस्थेवर नवे काम लादले आणि त्यासाठी पैसा दिला नाही, तर ते बंधनकारक राहणार नाही. हे ठरवण्यासाठी एक स्वतंत्र मंडळ नेमले गेले आणि त्याचा निर्णय न्यायालयाच्याही फेरतपासणीबाहेर ठेवला गेला. शाळांतील दादागिरी रोखण्यासाठी त्या राज्याने २०११ साली कायदा केला. हेतू निर्विवाद चांगला. पण अलामुची नावाच्या छोट्या गावाच्या शाळा मंडळाने तक्रार केली की, प्रशिक्षणाचा आणि माणसांचा खर्च कोणी करायचा? २०१२ च्या जानेवारीत मंडळाने त्या गावाच्या बाजूने कौल दिला. राज्याने कायदा सोडून दिला नाही, काही आठवड्यांत दहा लाख डॉलर्सची तरतूद केली. चांगल्या कामाला विरोध न करता त्याचा पैसा मागता येतो, हे त्या एका शाळा मंडळाने दाखवले.

तेवढ्या दूरही जायला नको. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबई महापालिकेची जकात, अन्य महापालिकांचा उरलेला स्थानिक संस्था कर बंद झाला. तेव्हा महापालिकांनी भरपाईचे केवळ आश्वासन स्वीकारले असते, तर आज काय झाले असते? तसे झाले नाही. विधिमंडळाने त्याच वर्षी स्थानिक प्राधिकरणांना भरपाई देण्याचा स्वतंत्र अधिनियम केला, २०१६-१७ हे आधारवर्ष धरले आणि दरवर्षी ८ टक्के चक्रवाढीची हमी लिहून दिली. शहराच्या बाबतीत शासनाने कायदा केला, गावाच्या बाबतीत परिपत्रक काढले. शहरांकडे वजन होते, अभ्यास करणारे अधिकारी होते, पाठपुरावा करणारी वृत्तपत्रे होती. सुमारे २८ हजार ग्रामपंचायती मात्र एकेकट्या तालुक्याच्या पायऱ्या झिजवीत राहिल्या.

केरळचेही उदाहरण घ्यावे लागते. तेथील सत्ताधाऱ्यांच्या विचारसरणीशी आपले मतभेद जगजाहीर आहेत, पण १९९६ साली त्यांनी राज्याच्या योजना निधीचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे वळवण्याचा निर्णय घेतला आणि कोणत्या पंचायतीला किती मिळणार, हे अर्थसंकल्पाच्या परिशिष्टात गावनिहाय छापले. ‘अमुक इतके मिळणार होते’ असे सांगण्यासाठी तेथील सरपंचाला कोणाच्या ओळखीची गरज पडत नाही. चांगली गोष्ट कोठूनही उचलावी.

मग आपण काय करायचे? मोर्चा हा शेवटचा मार्ग. त्याआधी स्वतःचे घर नीट हवे. घरपट्टीची वसुली करायची नाही, निवडणुकीत मते जातील म्हणून थकबाकीदाराला नोटीस द्यायची नाही, आणि मग निधी नाही म्हणून मंत्रालयाच्या नावाने बोटे मोडायची, हे चालणार नाही. ज्या ग्रामपंचायतीची वसुली चोख आहे, तिच्या शब्दाला जिल्हाधिकारी कार्यालयातही वेगळे वजन असते.

दुसरे, राज्य वित्त आयोग. संविधानाच्या २४३-आय या अनुच्छेदानुसार दर पाच वर्षांनी तो नेमणे बंधनकारक आहे. राज्याच्या करांतला किती वाटा गावाला मिळावा, हे सांगण्याचे काम त्याचे. पण त्याच्या अहवालांकडे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? पंधराव्या केंद्रीय आयोगाला अखेर असे म्हणावे लागले की, जी राज्ये ही घटनात्मक तरतूद पाळणार नाहीत, त्यांना मार्च २०२४ नंतर स्थानिक संस्थांचे अनुदान देऊ नये. म्हणजे चूक राज्याची आणि पैसे अडणार गावाचे! तरीही त्या अटीमुळे राज्यांवर दडपण आले, हे खरे.

तिसरे काम आपल्या हातातले आहे. नवे काम सोपवणारे कोणतेही परिपत्रक आले की, ते पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. या कामाला वर्षाला किती खर्च येईल, तो कोणत्या लेखाशीर्षातून करायला सांगितला आहे, आणि त्यापायी आराखड्यातले कोणते काम मागे पडेल, या तीन गोष्टी ठरावात आकड्यांसह लिहा. ठरावाची प्रत गटविकास अधिकाऱ्यांना, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आणि आपल्या आमदारांना द्या, व पोच घ्या. पक्ष पाहू नका, सत्तेवर कोणीही असो. एका गावाचा ठराव कपाटात पडून राहील. तालुक्यातल्या सगळ्या गावांचे ठराव एकाच आठवड्यात, एकाच नमुन्यात गेले, तर त्यांची बेरीज करावीच लागेल. नमुन्याच्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. चहापानानंतरच्या सत्रात आपण प्रत्येकाच्या गावाचे आकडे त्यात भरू. गेल्या वर्षीचे जमाखर्चाचे पत्रक ज्यांनी आणले असेल, त्यांनी ते जवळ ठेवावे.