मागून येणाऱ्याचा हक्क



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, अशी रीत आहे. आम्ही सातवीत शाळा सोडली. पुढचे शिक्षण ट्रकच्या अड्ड्यावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले, तेच सांगणार.

आमच्या एका सोबत्याचा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. तिकडे हिवाळ्यात एका रात्रीत गाडीवर वीतभर बर्फ साचतो. सकाळच्या घाईत समोरची काच तेवढी पुसून निघावे, असा मोह कोणालाही होतो. परंतु टपावरचा बर्फ तसाच राहिला, तर आतल्या उबेने त्याचा तळ सुटतो आणि भर रस्त्यात त्याची लादी उडून मागच्या गाडीच्या काचेवर आदळते. म्हणून 2010 पासून तिथल्या कायद्याने टपासकट गाडी साफ करूनच निघायचे आहे. काही पडले नाही तरी 25 ते 75 डॉलर दंड. पडून कोणाला इजा झाली, तर 200 ते 1000 डॉलर.

कोणी म्हणेल, खडवलीत बर्फ कुठला? आम्हांला बर्फ ठाऊक तो रसवंतीतला! खरे आहे. पण खडवली फाट्यावर, मुंबई-नाशिक रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहा. खडी, वाळू, विटांचे तुकडे, राडारोडा फाळक्याच्या वर शीग लावून भरलेला आणि ताडपत्रीचा पत्ता नाही. मागे मोटारसायकलवर कोणी कामावर निघालेला. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 17 मीटर. डोळ्यांत वाळूचा कण गेला आणि दोन सेकंद डोळे मिटले, की तो गडी 33 मीटर आंधळा धावला. बर्फ काय आणि वाळू काय, न्याय एकच. आपल्या गाडीवर जे आहे, त्याचे धनी आपण. मागच्याने ते का सोसावे?

उघड्या गाडीतून बांधकामाचे सामान व राडारोडा नेऊ नये, असे केंद्राच्या पर्यावरण नियमांत 2018 साली लिहिले गेले. मग ताडपत्री का पडत नाही? आमचेच ड्रायव्हर सांगतात, "साहेब, पैसे खेपेवर मिळतात. बांधत बसलो तर खेप जाते."

तीन वर्षांपूर्वी, ऐन पावसात, आमचा एक क्लीनर खडीच्या ढिगावर चढून ताडपत्री ओढत होता. दोरी कुजलेली होती. ती तुटली आणि पोरगा पाठीवर पडला. आज त्याला वाकता येत नाही. मालक म्हणाले, पोरगा बेफिकीर. आम्ही भांडलो. पण रात्री आमचीच जुनी मागणीपत्रे काढून पाहिली. बोनस होता, रजा होती, ताडपत्री कुठेही नव्हती! तो दोष आमचा, आणि तो आम्ही इथे कबूल करतो.

1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने क्लीनरलाही कामगार मानले होते. पाच किंवा अधिक कामगार असतील तिथे 8 तासांचा दिवस ठरवला होता. तेव्हा आता आमची मागणी अशी: ताडपत्री व दोरी मालकाने द्यावी, आणि ती बांधण्याचा वेळ कामाच्या तासांत धरावा. माल फाळक्याच्या खाली राहील इतकाच भरावा, म्हणजे जमिनीवर उभे राहून दोघांना ताडपत्री बांधता येते. ढिगावर चढण्याचे कारणच उरत नाही. बांधताना इंजीन बंद असावे. आणि माल उतरल्यावर फाळका व चाकांमधली खडी झाडून मगच निघावे, कारण रिकामी गाडीही दगड टाकते. झाडलेली खडी रस्त्यात लोटू नये.

बंधूंनो, पुढे चाललेल्याला मागचा दिसत नाही. पण आमच्या डंपरमागे उद्या आमच्याच क्लीनरचा भाऊ असेल. गाडी सुरू करण्याआधी एकदा उतरून मागे पाहा, एवढेच आमचे सांगणे आहे.