पट, परीक्षा आणि पोरं
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले. मी आता शाळेवर बोलणार आहे. कोणी म्हणेल, हा शेतकीचा पदवीधर, याला शाळेतले काय कळते? पण आपल्या गावची जिल्हा परिषदेची शाळाही कोरडवाहूच आहे. आणि तिचे पीक मोजायला येणारे जमीन न बघताच एकरी उतारा लिहून नेतात.

माती परीक्षणाच्या कागदावर नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही असतात. एकटे नत्र बघून युरियाची गोणी ओतणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. शाळेचेही तीन आकडे आहेत. पटावर पोरं किती, त्यांना येते किती, आणि ती कोणाच्या घरची. तिन्ही एकत्र वाचले तरच शाळा कळते.

पहिला आकडा पटाचा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात हिशेब दिला आहे. पाचवीपर्यंतच्या शाळेत ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक, ६१ झाली की तिसरा, ९१ झाली की चौथा. म्हणजे ६१ ची ५९ झाली की पोरं कमी दोन, पण गुरुजी कमी एक. मग दोन गुरुजी आणि चार वर्ग. त्यातला एक बैठकीला तालुक्याला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. हे बघून आणखी चार बाप दाखले काढतात. पट उतरतो म्हणून गुरुजी जातो, गुरुजी जातो म्हणून पट उतरतो. सावकाराच्या व्याजासारखे हे चक्र आहे. पट वीसच्या खाली गेला की शाळेवरच डोळा. २०२३ च्या सप्टेंबरात सरकारने अशा शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले होते, ते आठवा. सहा वर्षांच्या पोरीने पावसाळ्यात नाला ओलांडून दुसऱ्या गावी कसे जायचे, हे पटाच्या रकान्यात मावत नाही.

हा पट धरतात कधी? ३० सप्टेंबरला. तेव्हा बोंडे पुरती फुटलेली नसतात. पुढे दसऱ्याच्या आसपास सीतादही होते, वेचणी सुरू होते. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पोरीचे नाव पटावर राहते आणि पोरगी ओटी बांधून तासात उभी असते. उलटी लबाडीही झाली आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा कित्येक शाळांत नावे सापडली, पोरं सापडली नाहीत. नुसत्या पटावर विसंबू नका, हजेरी बघा.

दुसरा आकडा परीक्षेचा. 'असर' नावाची पाहणी २००५ पासून चालते. कार्यकर्ते घरी येतात, पोराच्या हातात दुसरीच्या पुस्तकातल्यासारखा सोपा उतारा देतात आणि म्हणतात, वाच. २०२४ च्या पाहणीत देशाच्या खेड्यांतल्या सरकारी शाळांत पाचवीला बसलेल्या पोरांपैकी ४४.८ टक्क्यांना तो वाचता आला. म्हणजे निम्म्याहून जास्त पोरांना दुसरीचे वाचता येत नाही. ही लाज आहे आणि ती झाकायची नाही. खाजगी शाळांत हाच आकडा सुमारे ५९. तिथेही दहातली चार पोरं अडतातच. फी भरून!

आता तिसरा आकडा, ज्याच्याकडे कोणी बघत नाही. वर्गात बसले कोण आहे? ज्याच्याकडे चार पैसे आहेत, त्याचा पोरगा सकाळी पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेला जातो. त्याची बहीण गावच्या शाळेत राहते. सरकारी शाळेत मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त, हे त्याच पाहणीत वर्षानुवर्षे दिसते. राहतात मजुरांची, दलित वस्तीतली, तांड्यावरची, पारधी बेड्यावरची पोरं. घरी वाचून दाखवणारे कोणी नाही, शिकवणी नाही, वेचणीला खाडा. बागायती कापूस आणि हलक्या रानातला कापूस एकाच काट्यावर तोलून कोणी म्हणाले, तू आळशी, तर तुम्ही काय म्हणाल? ४५ आणि ५९ मधला सगळा फरक गुरुजींचा नाही. त्यात जमिनीचाही आहे.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मीही माझा मुलगा गावच्या शाळेतून काढला होता. मनाशी म्हणालो, एकाने काय होते? तेव्हा आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बापाने हेच म्हटले. वर्षभरात एक शिक्षक गेला. नुकसान माझ्या मुलाचे झाले नाही. आमच्या रानात वेचणीला येणाऱ्या बाईच्या मुलीचे झाले. आवाज करू शकणारे आईबाप निघून गेले की शाळेच्या दारात भांडायला कोणी उरत नाही. दाखल्याबरोबर शाळेचे हे बळही जाते.

तेव्हा गावी गेल्यावर तीन कामे करा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असतात. तुमच्या गावची समिती कागदावर आहे की बसते, ते बघा. दुसरे, ग्रामसभेत ३० सप्टेंबरचा पट आणि डिसेंबरातली हजेरी शेजारी शेजारी लिहून मागा. जी नावे गळली, त्या घरी जा. ते घर तुमच्याच वेचणीचे असेल तर मजुरी आईला द्या, पोरीला शाळेत पाठवा. तिसरे, एका संध्याकाळी पारावर पोरांना बोलवा आणि दुसरीचे पुस्तक वाचून घ्या. गुरुजींनाही बोलवा, जाब विचारायला नव्हे, काय अडते ते ऐकायला. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून इतर बिनशिक्षणाची कामे त्यांच्यावर लादायची नाहीत, असे कायदाच सांगतो. ते त्यांच्या बाजूने तुम्ही बोला.

बाजार समितीच्या काट्यावर मापात पाप झाले की आपण बोलतो. पोरांच्या मापातही तसेच बोला.