दारापुढचा शेजारी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी बोलावे, हे काहींस विचित्र वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यात आपल्याच वसाहतीतील एका मुलास कुत्रे चावले आणि मंडळाच्या बैठकीत दोन तट पडले. एक म्हणे, 'सारी कुत्री उचलून न्या'. दुसरा म्हणे, 'मुक्या जिवांचे तळतळाट घेऊ नका.' मूल सुखरूप आहे; वाद मात्र मिटलेला नाही.

हा वाद जुना आहे. इस्तंबूल शहरात पूर्वी मोहल्ल्यामोहल्ल्याची कुत्री ठरलेली असत. त्यांना घरात कोणी घेत नसे, पण दाराशी अन्नपाणी ठेवणे पुण्याचे मानीत. १९१० साली राज्यकर्त्यांनी हजारो कुत्री मार्मारा समुद्रातील एका ओसाड बेटावर नेऊन सोडली. तेथे ती भुकेने, तहानेने मेली. तरीही शहरात पुन्हा कुत्री आलीच. आणि २०२४ साली ती उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा कायदा तुर्कस्तानास करावा लागला.

मुंबईत १८३२ च्या जूनमध्ये सरकारने कुत्री मारण्याची मोहीम चालविली, तेव्हा पारशी समाज खवळून उठला. त्यांच्या अंत्यविधीत श्वानाच्या दृष्टीस पावित्र्य आहे. बाजार बंद पडले, दंगल झाली. नेपाळात तिहारच्या सणात एक दिवस कुत्र्यांना टिळा लावून हार घालतात. आपल्याकडे श्रीदत्तांच्या पायाशी श्वान आहेत, आणि सोबतच्या श्वानास टाकून स्वर्गात जाण्याचे धर्मराजाने नाकारले. तेच आपण एखाद्याच्या दुर्दशेविषयी बोलताना 'कुत्रे हाल खाणार नाही' असेही म्हणतो!

आमच्या मते पूजा आणि पिटाळणे, दोन्ही सोपी आहेत. अवघड आहे ती जबाबदारी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही. म्हणून चावलेल्या बालकाच्या आईची भीती ही भूतदयेहून हलकी मानता येणार नाही. परंतु परिसरातील शंभरांपैकी किमान सत्तर कुत्र्यांना लस टोचली, तर रोगाची साखळी तुटते. नसबंदी व लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडावे, हेच आपल्या देशातील २००१ च्या व नंतर २०२३ च्या नियमांचे सूत्र आहे. नुसती उचलून नेली, तर उकिरड्यावरील अन्नासाठी मोकळ्या जागी दुसरी येतात.

तेव्हा आमची विनंती एवढीच. जो पोळी घालील, त्याने त्या कुत्र्याच्या लसीचीही चौकशी करावी. उष्टे रस्त्यावर फेकू नये. कुत्रे चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुन्यावर विसंबू नये.

पन्नास वर्षांपूर्वी या शहरात आपण परके होतो. गल्लीने आपणांस सामावून घेतले, ते आपण तिच्या रीतीने वागलो म्हणून. दारापुढच्या या शेजाऱ्याला रीत शिकता येत नाही. त्याच्या वाटचीही ती आपणच पाळावयाची आहे.