महाडचा विंचू, गडचिरोलीचे मणी
(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त रेडिओवर केलेलं भाषण)



आज २८ फेब्रुवारी. १९२८ साली याच दिवशी सर सी. व्ही. रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणाबद्दलचा आपला शोध लावला आणि १९८७पासून आपण हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा करतो. आज गावोगावच्या शाळांत प्रदर्शनं भरली असतील, रामन, भाभा, नारळीकर यांच्या तसबिरींना हार पडले असतील. नारायणगावाजवळ खोडदला तर या दिवसाची जत्राच असते. तिथल्या ३० प्रचंड अँटेना आकाशातले रेडिओतरंग टिपतात आणि विज्ञान दिनाला त्यांच्या अंगणात आसपासच्या शाळांतली मुलं आपापले प्रकल्प मांडून बसतात.

हे सगळं व्हायलाच हवं. मला मात्र आज तालुक्याच्या गावी झालेल्या विज्ञानाबद्दल बोलायचं आहे. हे विज्ञान करणाऱ्यांकडे मोठी यंत्रं नव्हती. समोर माणसं होती, आणि हाताशी वही.

सुरुवात कोकणातून करू. कोकणाला लाल विंचू नवा नाही. गवताच्या भाऱ्यात, जळणाच्या लाकडांत, गडग्याच्या फटीत, कधी उंबऱ्याजवळ काढलेल्या चपलेत तो दडलेला असतो. मोठ्या काळ्या विंचवापेक्षा हा लहान, पण विषाला जहाल. १९६१ साली डॉ. मुंडले यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये महाराष्ट्रातल्या ७८ विंचूदंशांचा हिशेब मांडला. त्यांतले २३ जण दगावले होते. म्हणजे दहांमागे तीन. खात्रीचा उपाय त्या वेळी कुणापाशीच नव्हता, पण मुंडल्यांनी आकडा लिहून ठेवला. लिहिला नसता तर पुढच्यांना आपण कुठून निघालो आणि कुठवर आलो, हे सांगताच आलं नसतं.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९७६ साली, हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीला प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. ते मूळचे जालना जिल्ह्यातले. विंचू चावलेली माणसं त्यांच्याकडे येत, त्यांत लहान मुलंही असत, आणि डोळ्यांदेखत जात. बावस्कर रुग्णाच्या खाटेशी बसून राहू लागले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा, सगळं वेळ घालून टिपू लागले.

त्या टिपणांतून एक चित्र उभं राहिलं. डंखाच्या जागी कळा येतात म्हणून जो मोठ्याने विव्हळतो, पण ज्याला बाकी काही होत नाही, तो बहुधा तरून जातो. ज्याला उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, तोंडात लाळ दाटते आणि ज्याचे हातपाय गार पडत जातात, त्याच्यावर नजर ठेवायला हवी. काही तासांत त्याच्या छातीत घरघर सुरू होते, तोंडाला गुलाबी फेस येतो, फुप्फुसांत पाणी भरतं. धोक्याच्या या पूर्वखुणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली लंडनच्या लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

आता हे होतं कशाने? विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या रसायनांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि रक्त मागे फुप्फुसांकडे तुंबतं. एवढं ध्यानात आल्यावर उपाय कुठे शोधायचा, हेही ठरलं. प्राझोसिन नावाची गोळी तेव्हा उच्च रक्तदाबासाठी वापरात होती. रक्तवाहिन्यांवर ही रसायनं जिथे पकड घेतात, नेमकी तीच जागा ती अडवते. बावस्करांनी ती विंचूदंशावर वापरली आणि १९८६ साली तिचे परिणाम लॅन्सेटमधूनच जगापुढे ठेवले.

या उपचाराची रीत ऐकण्यासारखी आहे. गोळी तोंडाने द्यायची. रुग्णाला झोपवून ठेवायचं, उठू द्यायचं नाही, कारण रक्तदाब एकदम उतरू शकतो. ठरावीक तासांनी पुन्हा गोळी. आणि थांबायचं कधी? हातपाय कोरडे आणि ऊबदार झाले की. ते कळायला यंत्र लागत नाही, डॉक्टरचा हात पुरतो. वीज गेलेली असो, ईसीजीचं मशीन पन्नास किलोमीटरवर असो, ही रीत चालते. छोट्या दवाखान्यात जन्मलेलं संशोधन दुसऱ्या छोट्या दवाखान्याच्या उपयोगी पडतं, ते असं. पूर्वी दहांतले तीन जात होते. प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं.

इथेच कुणीही थांबलं असतं. सत्कार घेत फिरलं असतं, तरी लोकांनी नावं ठेवली नसती. पण पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेची विंचवावरची प्रतिविष लस आली, तेव्हा हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडलाच तिची रीतसर तपासणी केली. ७० रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. एका गटाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि लस. दहा तासांनी पाहिलं तर दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण पूर्ण बरे झाले होते, नुसत्या प्राझोसिनवरच्या ३५ पैकी ८. हा निकाल २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. ज्या गोळीने नाव मिळवून दिलं, ती एकटी कुठे कमी पडते, हे स्वतःच मोजून स्वतःच जाहीर करायचं. २०२२ साली मिळालेल्या पद्मश्रीइतकंच मोल मी या कृतीला देतो.

आता राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीला जाऊ. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेपुढचा प्रश्न होता तो जन्मल्यानंतर महिनाभराच्या आत दगावणाऱ्या बाळांचा. दवाखाना दूर, पावसाळ्यात वाट बंद, आणि ओली बाळंतीण घराबाहेर पडायची नाही. मग उपचारच घरापर्यंत न्यायचे ठरले. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. ३९ गावांत हे काम चाललं आणि तुलनेसाठी ४७ गावांत नेहमीचीच व्यवस्था ठेवली. कामाआधी त्या ३९ गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत होती. तिसऱ्या वर्षी तो आकडा २५ वर आला. तुलनेच्या गावांत तो जवळपास साठच राहिला. हेही लॅन्सेटमध्ये आलं, १९९९ साली. पुढे २०११पासून भारत सरकारने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत आशाताईंमार्फत देशभर नेली.

गडचिरोलीची एक वस्तू मला फार आवडते. न्युमोनिया झालेलं बाळ भराभर श्वास घेतं. पण ज्या सुईणीला दहाच्या पुढे मोजता येत नाही, तिने मिनिटाचे श्वास मोजायचे कसे? 'सर्च'ने श्वासमापक बनवला. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलात तर श्वास जास्त आहे, औषध सुरू करायचं. यात तंत्रज्ञान किती, हे विचारू नका. सुईणीला काय येत नाही यावर रडत बसण्यापेक्षा तिला काय येतं, तिथून विचार सुरू केला, एवढं पाहा.

महाड काय, गडचिरोली काय, प्रश्न तिथला होता. तो मुंबईच्या किंवा लंडनच्या प्रयोगशाळेत कुणाला पडलाच नसता. उत्तर मात्र जगाच्या कामाचं निघालं, कारण ते जगाच्या कसोटीवर घासून घेतलं होतं. 'गावाकडचं आहे, चालवून घ्या', असं त्यांनी कुणाला म्हटलं नाही.

अशी माणसं आजही घडताहेत. श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या सड्यांवर गेलात तर गुडघे टेकून, भिंग लावून गेंदाची इवली फुलं तपासणारे विद्यार्थी दिसतील. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशाच पायपिटीतून विज्ञानाला अज्ञात असलेल्या वनस्पती नोंदवल्या, आणि दुर्मिळ कंदीलपुष्पं विद्यापीठाच्या बागेत वाढवली. विद्यापीठांची 'आविष्कार' संशोधन स्पर्धा २००६पासून भरते. १९९३पासून चालत आलेल्या बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वर्षांची मुलं आपल्याच परिसरातला प्रश्न घेऊन येतात. या मुलांना शाल-श्रीफळ द्या, जरूर द्या. पण त्यांना खरी गरज आहे ती वेळ देणाऱ्या मार्गदर्शकाची, आकडेमोड तपासून देणाऱ्या संख्याशास्त्राच्या शिक्षकाची, आणि नवी नियतकालिकं वाचायला मिळतील अशा ग्रंथालयाची. जिल्ह्याच्या कॉलेजला एवढं मिळालं तरी पुष्कळ होईल.

आणि प्रदर्शनांत परीक्षक म्हणून जाणाऱ्यांना एक विनंती. बाजारातून आणलेला ज्वालामुखी लाल धूर सोडतो, दिवे लुकलुकतात, फोटो छान येतो. कोपऱ्यातल्या टेबलावर एखादी मुलगी शाळेच्या विहिरीचं पाणी दर रविवारी किती खाली गेलं, एवढंच लिहून बसलेली असते. आधी तिच्याकडे जा. तिला तीन प्रश्न विचारा. किती वेळा मोजलंस? कुठे लिहून ठेवलंस? आणि तुझं म्हणणं चुकीचं असतं, तर ते तुला कशावरून कळलं असतं? तिसऱ्या प्रश्नाला ती अडखळेल. अडखळू द्या, घाई करू नका. त्या प्रश्नावर ती विचार करू लागली, तर बक्षीस तिलाच द्या.