साबणावरचा कर आणि पगारावरचा कर



एक वाक्य तुम्ही घरी, लोकलच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीतही ऐकले असेल. ‘कर भरतो तो पगारदार, बाकीचा देश त्याच्या जिवावर जगतो.’ पुढे कधी तुमच्या पगारातून पहिला टीडीएस कापला गेला की हे वाक्य तुम्हालाही पटू लागेल. ते पटण्याआधी त्याच्याविरुद्ध बोलण्याची संधी मला आज मिळाली, याचा मला आनंद आहे.

2024 च्या जुलैअखेर देशात सुमारे 7 कोटी 28 लाख प्राप्तिकर विवरणपत्रे भरली गेली. त्यांतल्या पुष्कळांवर देय कर शून्य होता. एवढ्यावरून लोक निष्कर्ष काढतात, की कर मूठभर माणसे भरतात. पण 2024-25 या वर्षात वस्तू व सेवा कराचे, म्हणजे जीएसटीचे, एकूण संकलन 22 लाख कोटी रुपयांच्या वर गेले. ते पैसे कोणी दिले? बांधकामावर विटा वाहणाऱ्या बाईने दिले, चहाच्या टपरीवरच्या पोराने दिले, तुमच्या वसतिगृहाच्या मेसमधल्या मावशींनी दिले. कोणी साबण घेतला, कोणी मोबाईलचे रिचार्ज केले, कोणी चपला घेतल्या. त्यांना पावती मिळाली नाही, आणि मिळाली तरी ‘सर्व करांसहित’ छापलेल्या किमतीत तो कर दिसत नाही. न दिसणारा कर भरणाऱ्याला कोणी करदाता म्हणत नाही, एवढाच काय तो फरक.

खर्चावर कर घ्यावा की उत्पन्नावर, हा वाद आपल्याकडे जुना आहे, आणि त्यातले सर्वांत तेजस्वी पान एका मराठी प्राध्यापकाने लिहिले आहे. 26 मार्च 1902 रोजी गोपाळ कृष्ण गोखले केंद्रीय विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. सरकारजवळ मोठी शिल्लक होती आणि इतर सभासद त्याबद्दल सरकारचे अभिनंदन करत होते. गोखल्यांनी अभिनंदन करायला नकार दिला. देश दुष्काळ आणि प्लेगने पिचलेला असताना तिजोरी भरते, याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतले जात आहे, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. त्या वेळी मिठावर मणाला अडीच रुपये कर होता. मीठ राजालाही लागते आणि भिकाऱ्यालाही, आणि दोघांना जवळजवळ सारखेच लागते. म्हणून मिठावरचा कर माणसाची ऐपत बघत नाही, फक्त त्याचे तोंड मोजतो. गोखल्यांनी मिठावरचा कर कमी करा असे सांगितले, आणि त्याच भाषणात प्राप्तिकराची माफीमर्यादा वार्षिक 500 रुपयांवरून 1000 रुपयांवर न्या अशीही मागणी केली, कारण 500 रुपये मिळवणारा कारकून श्रीमंत नव्हता. पुढच्याच वर्षी, 1903 मध्ये, दोन्ही गोष्टी झाल्या. मिठावरचा कर दोन रुपयांवर आला आणि नंतर टप्प्याटप्प्याने 1907 पर्यंत एक रुपयावर.

त्या भाषणामागची आकडेमोड करायला गोखल्यांना गणेश व्यंकटेश जोशी यांची मोठी मदत होती. जोशी सरकारी शाळेत मुख्याध्यापक होते. शाळेचे काम सांभाळून त्यांनी सरकारी अहवालांमधले तक्ते चाळले, आणि व्हाइसरॉयच्या दरबारात त्या तक्त्यांना उत्तर देणे सरकारला जड गेले. आज वाणिज्य आणि अर्थशास्त्राची पदवी घेणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

आता जीएसटीची बाजू नीट मांडतो, कारण ती भक्कम आहे. तुमच्यापैकी बहुतेकांना जकात नाका आठवत नसेल. मुलुंड, ऐरोली, मानखुर्द, दहिसर इथे ट्रकांच्या रांगा लागत, भाजीपाला सुकत असे, आणि नाक्यावर काय काय द्यावे लागे हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत होते. उत्पादन शुल्क वेगळे, राज्याचा व्हॅट वेगळा, राज्याबाहेर माल गेला की केंद्रीय विक्रीकर वेगळा. करावर कर चढत जाई आणि शेवटच्या गिऱ्हाइकाने किती कर भरला हे कोणालाच सांगता येत नसे. 1 जुलै 2017 ला हे बरेचसे संपले. मुंबईची जकातही त्याच दिवशी गेली. इचलकरंजीतल्या कापड व्यापाऱ्याने सुतावर भरलेला कर त्याला कापडाच्या करातून वजा मिळतो, आणि शर्ट शिवणाऱ्याला कापडावरचा. प्रत्येक टप्प्यावर फक्त वाढलेल्या मूल्यावर कर बसतो. ही कल्पना फ्रान्सने 1954 मध्ये मोरीस लोरे या अधिकाऱ्याच्या आराखड्यावरून अमलात आणली आणि आज बहुतेक देशांत ती आहे. तिचे सौंदर्य असे, की खरेदी करणारा व्यापारी स्वतःच्या फायद्यासाठी पक्के बिल मागतो. पोलिसाचे काम साखळीच करते. बोगस बिलांच्या टोळ्यांनी या साखळीलाही छिद्रे पाडली आहेत, तरी जुन्या पद्धतीपेक्षा ती नक्कीच चांगली आहे.

दुसरा मुद्दाही खरा आहे. उत्पन्न लपवता येते, खर्च लपवणे अवघड असते. ज्याने कागदावर पाच लाख दाखवले त्याने चाळीस लाखांची गाडी घेतली, की त्या गाडीवर कर भरावाच लागतो. शिवाय प्राप्तिकर बचतीला दोनदा हात लावतो, आधी कमाईवर आणि मग व्याजावर. विक्रीकर बचतीला हात लावत नाही. याच कारणांसाठी अमेरिकेत काही लोकप्रतिनिधी 1999 पासून वारंवार विधेयक आणतात, की प्राप्तिकर पूर्ण रद्द करून त्याऐवजी देशभर एकच विक्रीकर लावा. त्यांनी सांगितलेला दर 23 टक्के आहे, पण तो करासहित किमतीवर मोजलेला. आपण जसा वस्तूच्या मूळ किमतीवर मोजतो तसा मोजला तर तो 30 टक्के होतो. त्या विधेयकातही गरजेपुरत्या खर्चावरचा कर प्रत्येक कुटुंबाला दरमहा आगाऊ परत देण्याची तरतूद ठेवावी लागली. विक्रीकराचा भार गरिबावर जास्त पडतो, हे त्याच्या कट्टर समर्थकांनाही मान्य करावे लागते ते असे.

तो भार कसा पडतो, ते साध्या गणिताने बघू. एका घरात महिन्याला 18 हजार येतात आणि सगळे खर्च होतात. दुसऱ्या घरात दोन लाख येतात, 80 हजार खर्च होतात, बाकीचे फ्लॅटच्या हप्त्यात आणि म्युच्युअल फंडात जातात. समजा दोन्ही घरांच्या खर्चावर सरासरी 8 टक्के कर बसला. पहिले घर 1440 रुपये देते, म्हणजे उत्पन्नाचे 8 टक्के. दुसरे घर 6400 रुपये देते, म्हणजे उत्पन्नाचे 3.2 टक्के. दुसऱ्या घरातला माणूस म्हणेल, मी चौपटीहून जास्त भरले. हे खरेच आहे. पण त्याचे उत्पन्न अकरापट आहे. आणि पहिल्या घरातले 1440 रुपये म्हणजे आजीच्या औषधाचे पैसे आहेत.

दर वेगवेगळे ठेवून हे सुधारता येते, आणि काही प्रमाणात सुधारलेही आहे. सुट्या तांदळावर, ताज्या भाजीवर कर नाही. सॅनिटरी पॅडवर 12 टक्के कर होता. त्याविरुद्ध बायकांनी आवाज उठवला आणि जुलै 2018 मध्ये तो शून्यावर आला. तरीही 2017 पासून 22 सप्टेंबर 2025 पर्यंत, आठ वर्षांहून अधिक काळ, आपल्या देशात टूथपेस्टच्या ट्यूबवर आणि डोक्याच्या तेलावर 18 टक्के जीएसटी होता आणि सोन्यावर 3 टक्के. सोन्यावरचे आयात शुल्क वेगळे असते आणि जास्त कर लावला तर सोने चोरवाटेने येते, ही कारणे मला माहीत आहेत आणि ती खोटी नाहीत. पण त्यातून निघणारा अर्थ बघा. ज्याला चोरवाट उपलब्ध आहे त्याच्यावर कर हलका, आणि ज्याला दात घासण्यावाचून गत्यंतर नाही त्याच्यावर जड. त्या सप्टेंबरमध्ये तेल, साबण, टूथपेस्ट 5 टक्क्यांवर आली, मुलांच्या वह्या-पेन्सिली करमुक्त झाल्या. मी या निर्णयाचे मनापासून स्वागत करतो. तो इतक्या उशिरा का झाला, हे मात्र विचारले पाहिजे.

या सभागृहात शेतकऱ्यांची मुले-मुली पुष्कळ आहेत. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही, म्हणून ‘शेतकरी कर भरत नाही’ हे टोमणे तुम्ही खाल्ले असतील. त्या टोमण्याला उत्तर असे आहे. शेतकरी कीटकनाशकावर 18 टक्के जीएसटी देतो, खतावर देतो, पाइपांवर देतो. दुकानदाराला खरेदीवरचा कर वजा मिळतो, कारण त्याच्या विक्रीवर कर आहे. शेतकऱ्याच्या कांद्यावर कर नाही, म्हणून त्याने भरलेला कर त्याला कुठेच वजा मिळत नाही. तो त्याच्या अंगावर बसतो, आणि कांद्याचा भाव काही तो ठरवत नाही. 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेतसाऱ्याबद्दल हेच दुखणे सांगितले होते. प्राप्तिकर भरणाऱ्याला त्या वर्षी उत्पन्न झाले नाही तर कर नसतो, पण शेतकऱ्याला पीक बुडाले तरी सारा द्यावाच लागतो, हा भेद त्यांनी सरकारपुढे ठेवला. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे, की द्राक्षबागेतून वर्षाला कोटभर कमावणाऱ्याला आणि दोन एकर जिराईत कसणाऱ्याला एकाच सवलतीत बसवणे अन्यायाचे आहे. ही सवलत पुढे करून इतर उत्पन्नही शेतीचे म्हणून दाखवले जाते, आणि बदनामी मात्र जिराईत शेतकऱ्याच्या वाट्याला येते.

उत्पन्नावरचा कर म्हटला की आपोआप न्याय झाला, असे मात्र मी म्हणत नाही. 1973-74 मध्ये अधिभारासह प्राप्तिकराचा सर्वोच्च दर 97.75 टक्के होता. वरच्या प्रत्येक शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याकडे राहायचे. ज्यांना शक्य होते त्यांनी उत्पन्न लपवले, ज्यांना शक्य नव्हते ते नोकरदार भरडले गेले, आणि रोखीतल्या व्यवहारांची सवय देशाला त्या दरांनी आणखी जडवली. पुढच्याच वर्षी दर उतरवावा लागला. कर वसूल करता येईल एवढाच लावावा, हा धडा आपण फार महाग शिकलो.

आणि तुमच्या पहिल्या पगारपत्रकात एक छोटी कपात दिसेल, तिच्याकडे जरा थांबून बघा. ‘पीटी’, व्यवसाय कर. दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300, वर्षाला 2500. महिना 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो 2023 पासून माफ आहे. या कराचे मूळ दुष्काळात आहे. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे खडी फोडायला उतरली होती. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना उभी राहिली. मागेल त्याला काम द्यायचे तर पैसा हवा, म्हणून 1975 मध्ये हा कर आला. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी तालुक्यातल्या मजुराच्या कामासाठी दरमहा काही द्यावे, असे या राज्याने ठरवले. देशाचा 2005 चा रोजगार हमी कायदा त्या महाराष्ट्राच्या अनुभवावर उभा राहिला. आपल्या राज्याने केलेल्या कामांपैकी हे एक फार मोठे काम आहे, असे मी मानतो.

पण त्या करातही दोष आहे. राज्यघटनेने त्याची कमाल मर्यादा 1988 मध्ये वर्षाला 2500 रुपये ठरवली आणि ती अजून तीच आहे. त्यामुळे महिना 12 हजार मिळवणारा सुरक्षारक्षक आणि महिना 12 लाख मिळवणारा व्यवस्थापक सारखीच रक्कम भरतात. कराचे नाव उत्पन्नाचे आणि वागणे मिठाचे. ही मर्यादा वाढवावी आणि खालच्या पगारांना पूर्ण माफी द्यावी, ही मागणी महाराष्ट्रातून उठली पाहिजे, कारण हा कर सर्वांत चांगल्या कामाला आपणच जोडला होता.

2025 च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर शून्य केला. तुमच्यातल्या बहुतेकांना पहिली काही वर्षे प्राप्तिकर लागणारच नाही. तुमच्या घरी त्याचा आनंद होईल, आणि तो रास्तही आहे. माझे म्हणणे एवढेच, की सरकारला उद्या आणखी एक रुपया हवा असेल तर तो आधी तुमच्या-माझ्या पगाराकडे मागावा, मोठ्या नफ्याकडे आणि मोठ्या भांडवली लाभाकडे मागावा, आणि साबणाकडे सगळ्यांत शेवटी जावे. जीएसटी हवाच, पण रोजच्या गरजांवर तो हलका हवा.

हे ठरते कुठे, तेही बघा. प्राप्तिकराचा दर दरवर्षी वित्त विधेयकात येतो आणि संसदेत त्यावर बोलता येते. जीएसटीचे दर जीएसटी परिषदेत ठरतात. तिथे केंद्राचे मत एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. बैठक बंद दाराआड होते. आपला अर्थमंत्री तिथे काय बाजू मांडणार, हे आपल्या विधानसभेत आधी चर्चेला येत नाही. ते यावे. परिषदेच्या प्रत्येक बैठकीआधी राज्याने आपली भूमिका सभागृहात ठेवावी, आणि महिना 15 हजार, 50 हजार, दोन लाख मिळवणाऱ्या घरावर प्रत्यक्ष किती जीएसटी पडतो याचा तक्ता सोबत जोडावा. घरगुती खर्चाच्या सरकारी पाहणीचे आकडे उपलब्ध आहेत, कराचे दर जाहीर आहेत, आणि हा तक्ता करायला लागणारे शिक्षण तुम्ही आज पूर्ण केले आहे. तुमच्यापैकी पाच-दहा जणांनी जरी तो आपल्या तालुक्यापुरता करून स्थानिक आमदाराच्या हाती दिला, तर पुढच्या अधिवेशनात त्याला प्रश्न विचारायला आधार मिळेल.